सासूबाईंना केंद्रात ठेवू की नको?

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीत राहते, वय 56. सासूबाई 82 वर्षांच्या आहेत, त्यांना चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. गेल्या दिवाळीत बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात. पण रात्री झोपत नाहीत. दोन वाजता उठून दाराची कडी काढायला जातात. ‘मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल’ म्हणतात. दिवसा पांघरुणाचं टोक मांडीवर धरून तळहाताने घासत बसतात, सोडवायला गेलं की चिडतात. लघवी कपड्यांत होते. ब्युरोच्या तीन बायका आल्या आणि गेल्या. मिस्टर सकाळी सातच्या लोकलने जातात ते रात्री साडेआठला येतात, रिटायरमेंटला अजून सव्वा वर्ष आहे. माझ्या कमरेत गॅप आहे. डॉक्टरांनी एमआरआय सांगून दोन महिने झाले, पण घर सोडून जाता येत नाही.

मागच्या आठवड्यात रात्री त्यांना दारातून आत आणताना मी दंड धरून ओढलं. सकाळी अंघोळ घालताना बघितलं तर चार बोटांचे काळेनिळे वण. मी कोणाला सांगितलं नाही. मला माझीच भीती वाटते. केंद्रात ठेवायचा विषय काढला की मिस्टर गप्प होतात. नागपूरची नणंद फोनवर म्हणाली, ‘आईला वृद्धाश्रमात टाकलंत तर माझं माहेर संपलं.’ शेजारचे एक जण म्हणाले, ठेवायचंच असेल तर आधी फ्लॅट नावावर करून घ्या. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. सासरे रेल्वेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन येते.

मी चुकतेय का? आणि ठेवायचंच तर जागा चांगली आहे हे ओळखायचं कसं?

(नाव छापू नये, ही विनंती.)

———

ताई, त्या चार बोटांपासूनच सुरुवात करू.

मी एकोणीस वर्षं रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केलं. म्हाताऱ्या माणसांच्या दंडावरचे असे वण खूप पाहिले. रात्र रात्र न झोपलेल्या माणसाच्या हाताचे असतात ते बहुतेक. तुम्ही ते लपवून ठेवलेत, पण मला लिहून कळवलंत, यातच तुमचं मन कळतं. आता एवढं करा, आज रात्री यजमान जेवून उठले की त्यांना ते वण दाखवा. ‘बघा, हे माझ्या हातून झालंय’ एवढंच म्हणा, त्यापुढे सारवासारव नको. ते गप्प राहतात कारण त्यांच्या डोळ्यांसमोर अजून सव्वा वर्ष कसंबसं निभावेल असं चित्र आहे. ते निभत नाही, हे त्यांना त्या दंडावर दिसेल.

डॉक्टरांनाही सांगा. ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर साध्या धरण्यानेही वण उठतात, शिवाय या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. पुन्हा रात्री दाराशी जातील तेव्हा दंड धरू नका. कोपराखाली हात द्या, शेजारी उभ्या राहा आणि ‘हो, जाऊ या, आधी घोटभर चहा घेऊ’ म्हणत स्वयंपाकघराकडे वळवा. आई वारली, हेच तुमचं घर आहे, असं समजावू नका. दर वेळी त्यांना आई नव्याने गेल्याचं दुःख होतं आणि पाच मिनिटांनी त्या पुन्हा कडीपाशी येतात.

हे रात्रीचं उठणं हल्लीच वाढलंय का, ते आठवून बघा. वाढलं असेल तर केंद्राचा विचार करण्याआधी लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसात मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने ताप येईलच असं नाही, डोकं मात्र एकाएकी फार गोंधळतं. मलावरोध, खुब्याचं न सांगता येणारं दुखणं, बी-12 कमी असणं, थायरॉइड, यांतलं काहीही असू शकतं. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, केमिस्ट देतो म्हणाला तरी.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. पांघरुणाचं टोक मांडीवर धरून तळहाताने घासतात, असं तुम्ही लिहिलंय. ताई, त्या वाती वळत असाव्यात. नीट आठवा, तळहात गुडघ्याकडे जातो आणि परत येतो, असंच ना? साठ वर्षं ज्या बाईने चातुर्मासात लाखोली वातींचा कापूस पिंजला असेल तिचे हात ते विसरत नाहीत. नावं जातात, नाती जातात, हाताची सवय फार उशिरा जाते. उद्या त्यांच्या मांडीवर कापसाची लडी ठेवून बघा. समोर बसा म्हणजे तोंडात घालणार नाहीत. पांघरूण ओढून घेण्यावरून होणारी रोजची झटापट कदाचित तिथेच मिटेल. माझा अंदाज चुकला तरी कापूस फुकट जाणार नाही.

हे सगळं करूनही प्रश्न उरतोच, मला ठाऊक आहे. चोवीस तास जागं राहणं एका बाईला जमत नाही, तिची कंबर धड असती तरी जमलं नसतं. केंद्रात तीन पाळ्यांत माणसं जे करतात ते तुम्ही एकटीने चार वर्षं केलंत. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तुम्ही चुकत नाही आहात. त्यांना केंद्रात ठेवा, आणि चांगल्या केंद्रात ठेवायला सवड आहे तोवर ठेवा. आणखी एकदा पडल्यावर, रुग्णालयातून डिस्चार्ज मिळताना, दोन दिवसांत मिळेल ती जागा धरावी लागते. वाईट जागा लोकांच्या वाट्याला येतात त्या बहुतेक अशाच घाईत.

नणंदबाईंचं ‘टाकलंत’ तुम्हाला लागलंय. आपली भाषा इथे निष्ठुर आहे. मूल शाळेत घालतो, पोराला हॉस्टेलला ठेवतो, आजाऱ्याला दवाखान्यात दाखल करतो, आणि वृद्धाश्रमात मात्र टाकतो. जुनं सामान माळ्यावर टाकावं तसं. आपल्यात असं कधी नव्हतं, असं कोणी म्हणालं तर सांगा की पुण्यात डेव्हिड ससूनच्या देणगीतून अनाथ पंगू गृह निघालं ते एकोणिसाव्या शतकात. ते आजही ‘निवारा’ म्हणून चालू आहे. निराधार म्हाताऱ्यांची सोय लागतच होती. घर असूनही, घरात सून-मुलगा असूनही सोय लागते, हे मान्य करायला आपल्याला वेळ लागतोय. पण टाकलं की ठेवलं, हे त्या दिवशी ठरत नाही. पुढच्या महिन्यांत तुम्ही किती वेळा आणि कशा जाता, त्यावर ते ठरतं. माझ्या घरचंच सांगते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघातानंतर आम्ही एका केंद्रात ठेवलं होतं. दर रविवारी अकरा वाजता मी जायची. अण्णा अंघोळ करून, पावडर लावून, भांग पाडून खुर्चीत बसलेले असायचे. पायांवर शाल, पायात मोजे. मी समाधानाने घरी यायची. एकदा बुधवारी त्या बाजूला काम निघालं म्हणून दुपारी चारला गेले. अण्णा पलंगावर, शाल बाजूला पडलेली. डाव्या मोज्यातून वास येत होता. मोजा काढायला गेले तर तो टाचेला चिकटलेला. हळूहळू पाणी लावून सोडवला. खाली रुपयाएवढा काळा डाग, कडेने पाझरणारा. तिथली बाई म्हणाली, कालपर्यंत नव्हतं. टाच एका दिवसात काळी पडत नाही, ताई. रुग्णालयात इतकी वर्षं काढूनही मी तीन महिन्यांत एकदाही वडिलांचा मोजा काढून पाहिला नव्हता. ते मला अजून डाचतं.

आम्ही अण्णांना तिथून हलवलं. दुसरी जागा दिसायला साधी होती, पत्र्याची शेड आणि आठ पलंग. पण दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद भिंतीवरच्या कागदावर वेळ घालून केलेली असायची. तिथे ती टाच भरून आली. अण्णा शेवटचं दीड वर्ष तिथेच होते.

तेव्हा जागा पाहायला रविवारी सकाळी जाऊ नका. एकदा तसं जाऊन नाव-पत्ता द्या, सगळं दाखवतील ते बघा. मग न कळवता संध्याकाळी पाच-सहाला जा. स्मृतिभ्रंशाच्या माणसांची घालमेल दिवस मावळताना वाढते, आणि नेमकी त्याच वेळी दिवसपाळी जाऊन रात्रपाळी येते. दारातच नाक काय सांगतं ते बघा. लघवीचा थोडा वास कुठेही असतो, पण तो भिंतीत मुरलेला नसावा आणि फिनाईलने झाकलेलाही नसावा. पाण्याचा पेला पलंगापासून हात पोचेल एवढ्या अंतरावर आहे का? नखं कापलेली आहेत का? किती जण पलंगावर आणि किती खुर्चीत? कोणाचे हात ओढणीने कठड्याला बांधलेत का? ‘पडू नये म्हणून बांधतो’ असं कोणी सहज सांगितलं तर तिथून उठा. सगळेच शांत झोपलेले असतील तर तेही विचारा. शांत ठेवणारी काही औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. अशी गोळी सुरू करण्याआधी घरच्यांना विचारलं जाईल, हे लेखी घ्या.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मी नेहमी एकच सांगते, रात्री कोण असतं? किती माणसांमागे किती, आणि ती जागी असतात की तिथेच गादी टाकून झोपतात? सासूबाई दोन वाजता उठतात, त्यामुळे तुमचा सगळा सौदा याच उत्तरावर आहे. उत्तर ऑफिसातल्या बाईंकडून घेऊ नका, रात्रपाळीच्या मावशींनाच विचारा. आणि त्या मावशींना इथे किती वर्षं झाली, तेही. दर तीन महिन्यांनी मावश्या बदलत असतील तर तुमचा ब्युरोचा अनुभव तिथे पुन्हा येणार.

नावांनी गोंधळू नका. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपणाचा किंवा अपेंडिक्सचा छोटा खासगी दवाखाना, आणि त्याची नोंदणी 1949च्या कायद्याखाली होते. वृद्धाश्रम ही वेगळी गोष्ट. बरेच वृद्धाश्रम ‘चालते-फिरते, स्वतःचं स्वतः करणारे’ एवढेच घेतात, आणि माणूस अंथरुणाला खिळला की ‘घेऊन जा’ असा फोन येतो. तुम्हाला लागणार ते शुश्रूषा केंद्र, लोक केअर सेंटर म्हणतात ते, आणि तेही स्मृतिभ्रंशाची माणसं घेणारं. पहिल्याच भेटीत विचारा: या पुढे अंथरुणाला खिळल्या, नळीने भरवायची वेळ आली, तरी ठेवाल का? संस्था ट्रस्ट आहे की कोणाचा खासगी व्यवसाय, नोंदणी कशाखाली, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री काही झालं तर कोणत्या रुग्णालयात नेतात आणि सोबत कोण जातं, हे वहीत लिहून घ्या. अनामत रक्कम परत मिळण्याची अट, दरवर्षीची वाढ, डायपर-औषधांचं वेगळं बिल, हे करारात हवं. अनामत भरण्याआधी महिनाभराचा तात्पुरता मुक्काम मागा. जी जागा याला नाही म्हणते ती मी तरी सोडून देईन.

आणि जागा जवळची घ्या. कर्जत-नेरळच्या बाजूला डोंगर, झाडं, मोकळी हवा असलेल्या जागा आहेत, फोटो पाहून कोणालाही मोह पडेल. पण तुमची कंबर अशी, यजमानांची लोकल अशी. तिथे महिन्यातून एकदा जाणं होईल. डोंबिवली-कल्याण-बदलापूर या पट्ट्यातली, यजमानांना स्टेशनवरून घरी येताना अर्धा तास वाकडी वाट करून जाता येईल अशी जागा शोधा, अंगण नसलं तरी चालेल. शोधायला सुरुवात म्हणून 14567 या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, सकाळी आठ ते रात्री आठ. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था 1992पासून काम करते, तिची मुंबईत शाखा आहे. तिथे तुमच्यासारखीच घरी सांभाळणारी माणसं भेटतील.

फ्लॅटबद्दल शेजाऱ्यांचा सल्ला मनातून काढून टाका. ज्या बाईंना आपली आई हयात आहे असं वाटतं त्यांची सही कसल्याही बक्षीसपत्रावर घेणं योग्य नाही, आणि ती टिकणारही नाही. ‘निदान कुलमुखत्यारपत्र तरी’ असं कोणी म्हणेल. तेही लिहून देताना माणूस भानावर हवा. आणि करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान सुटलं की मुखत्यारपत्र संपतं. फ्लॅट आहे तिथे, आहे तसा राहू द्या. त्याला हात लावलात तर उद्या नणंदबाई म्हणतील की म्हणूनच आईला घराबाहेर काढलं, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

पैशाचं थोडक्यात. केंद्राचा महिन्याचा खर्च कुठल्याही सरकारी योजनेत बसत नाही. 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आलेलं 5 लाखांचं आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल होण्यापुरतं आहे. सासूबाईंचं उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेचं उपचारांसाठीचं ओळखपत्र, असेल तर कल्याणचं रेल्वे रुग्णालय जवळ आहे, कार्डाची प्रत केंद्राच्या फायलीत ठेवा. पेन्शन केंद्राच्या खर्चाला वापरा, त्यात संकोच नको, ती त्यांचीच आहे. फक्त दर महिन्याचा हिशेब वहीत लिहा आणि नणंदेला फोटो काढून पाठवा. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला 80 वर्षांवरच्यांना दरवर्षी 1 ऑक्टोबरपासून देता येतो, आणि मोबाइलवर चेहरा दाखवून केंद्रातूनही होतो, बँकेत उचलून न्यायला नको.

आता नणंदबाई. त्यांच्याशी फोनवर वाद घालू नका. त्यांना आठ दिवस बोलवा, पाहुणी म्हणून नव्हे. आईच्या खोलीत त्यांचा पलंग टाका आणि तुम्ही हॉलमध्ये झोपा. दोन वाजता कडी वाजली तरी उठू नका. मी हे सूड म्हणून सांगत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर ‘हो गं, बरी आहे’ एवढं ऐकणाऱ्या मुलीला तिची आई आता कशी आहे हे ठाऊकच नाही. तिच्या डोक्यात चार वर्षांपूर्वीची आई आहे, आणि तुम्ही त्या आईला बाहेर काढताय असं तिला वाटतंय. तिलाही रडायला वेळ द्या. त्यानंतर तिघांनी मिळून जागा बघायला जा. ती आली नाहीच, तर यजमानांनी बहिणीला फोन करावा, तुम्ही नाही. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. ‘अपत्य’ या व्याख्येत सुनेचा उल्लेखसुद्धा नाही. हे वाक्य यजमानांनी स्वतः उच्चारावं, असं मला फार वाटतं.

न्यायचं ठरलं की सकाळी न्या, अंघोळ-नाश्ता झाल्यावर. ‘फिरायला जाऊ’ म्हणून फसवू नका. ‘पायाला व्यायाम देतात तिथे जाऊ या, काही दिवस राहायचंय’ असं सांगा, ते खरंच आहे. सोबत त्यांची गोधडी, रोजचा स्टीलचा पेला, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि कापसाच्या लड्या द्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: यांना काय हाक मारायची, चहात साखर किती, कोणत्या कानाने ऐकू येतं, चिडल्या तर काय बोलायचं, आणि वाती वळू द्याव्यात. तो कागद पलंगाच्या डोक्याशी लावा. मावश्या बदलल्या तरी कागद राहतो.

पहिले काही दिवस त्या रडतील, ‘घरी ने’ म्हणतील. तुमच्या घरीही त्या हेच म्हणत होत्या, हे तेव्हा आठवा. आठवड्यातून दोनदा तरी जा, वेळ बदलून जा. यजमान वेगळे, तुम्ही वेगळ्या. गेलात की आधी मोजे काढा. टाचा, खुबे, माकडहाड बघा. मग केस विंचरत बसा. भरवताना टेकून बसवा, भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या. त्या तुम्हाला ‘तू कोण गं’ विचारतील. नाव सांगा, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.

आणि तुमचा एमआरआय. या शनिवारी यजमानांना सुट्टी घ्यायला लावा, सासूबाईंपाशी त्यांना बसवा आणि एकट्या जाऊन करून या.